चार नावांचा बाळाराम

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, कंपनीत नाही, ज्याला सांगायला हवी होती त्याला तर नाहीच. बाळारामाला एकाच कारखान्यात चार वेगवेगळ्या नावांनी कामावर दाखवायची युक्ती माझी होती. ठेकेदाराची नव्हती, मॅनेजरचीही नव्हती. ठेकेदाराचीच होती असं सगळे धरून चालतात. बाळारामसुद्धा तसंच धरून चालतो आणि म्हणूनच तो माझ्याशी अजून चांगला वागतो. हे लिहायला मी आधी तीनदा बसलो आणि तीनदा उठून गच्चीवर फेऱ्या मारून आलो. आज घरात कुणी नाही. सकाळचे दहा वाजलेत. आता लिहून टाकतो.

रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत मी नोकरीला लागलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. वडील पेणला शिक्षक. कधीकाळी आमची जमीन होती आणि ती दुसरे कसत असत, एवढीच आमच्या घराण्याची थोरवी. टाइम ऑफिसात मला टेबल मिळालं. गेटला लागून एक खिडकी, खिडकीच्या आत मी आणि माझं मस्टर. कोण आला, कोण नाही, कुणाची कुठली शिफ्ट, हे सगळं त्या मस्टरात. मी स्वतः तेव्हा प्रोबेशनवर होतो. सहा महिन्यांनी कायम करायचं की नाही ते ठरणार होतं, आणि रोज सकाळी पेणहून कंपनीच्या बसमध्ये बसताना मी उरलेले दिवस मोजायचो.

बाळाराम रोह्याच्या आतल्या बाजूच्या, कुंडलिका नदीपलीकडच्या गावातला. पावसाळ्यात भात, मग त्याच खाचरात वाल, आणि बाराही महिने ठेकेदाराकडे कंपनीत. बुटका, काटक, गळ्यात टॉवेल. टाइम ऑफिसच्या दारात चपला काढून मग आत यायचा. मी म्हणायचो, अरे हे काय देऊळ आहे का. तो म्हणायचा, "साहेब, हितं हजेरी लागते. देवळात तेवढी पन लागत नाय."

बसलेला बाळाराम मला आठवत नाही. भाकरीसुद्धा उभ्यानेच खायचा, एका हातात भाकरी, दुसऱ्यात सुकटीची चटणी, आणि येरझाऱ्या चालूच. एकदा विचारलं, तर म्हणाला, "बसू कुठं? बाकडी निळ्यांची." निळे म्हणजे कायम कामगार, त्यांचा गणवेश निळा. ठेक्याच्या माणसांना खाकी. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण कॅन्टीनबाहेरच्या बाकांवर खाकी बसत नसे. निळ्यांना महिन्याला साबण आणि गूळ मिळायचा. पावडरीत काम करणाऱ्याला गूळ द्यायची जुनी पद्धत आहे. त्याच पावडरीत खाकी उभा असायचा, पण गूळ गणवेश बघून दिला जायचा.

बाळारामचं काम ड्रायरवर. तिथे पिवळा रंग बनायचा. ओला रंग ट्रेमध्ये पसरून गरम हवेत वाळवायचा आणि नेमक्या वेळी बाहेर काढायचा. कच्चा काढला तर गोळे धरतात, जास्त ठेवला तर रंग करपून मळका होतो. लॅबचा रिपोर्ट यायला दोन तास लागत. बाळारामला एक मूठ पुरे. हातमोजा काढायचा, ट्रेमधली मूठभर पावडर घ्यायचा, आवळायचा, उघडायचा. मग म्हणायचा, "झाली," किंवा, "अजून एक चहाभर." एक चहाभर म्हणजे साधारण वीस मिनिटं. दोन चहा म्हणजे चाळीस नव्हे, पस्तीस, कारण दुसरा चहा माणूस लवकर पितो. हा हिशोब ड्रायरवरचा म्हात्रे लॅबवाल्यांना समजावून सांगायचा आणि लॅबवाले त्याप्रमाणे चालायचे.

म्हात्रे म्हणजे ड्रायरचा ऑपरेटर, निळा, माझ्याच वयाचा. चांगला माणूस. तो मोटरसायकलवर यायचा, बाळाराम सायकलवर, आणि दोघं तेच ट्रे उचलायचे. पगारातला फरक मी लिहीत नाही, वाहनांवरून कळतो.

हातमोज्यांशिवाय काम केल्यामुळे बाळारामचे तळवे कायम पिवळे. पुतणीच्या लग्नाला गेला तर नवऱ्याकडच्या बायका म्हणाल्या, नवरीआधी काकालाच हळद लागली. बाळारामने दोन्ही हात वर करून दाखवले. "आमची हळद बारा महिन्यांची हाय, आन् वरात काय निघत नाय." हे त्याने मला सांगितलं आणि स्वतःच खूप हसला. मीही हसलो. तेव्हाच त्याला हात दाखवायला डॉक्टरकडे पाठवायला हवं होतं.

आता युक्तीचं सांगतो.

वर्षात दोनशे चाळीस दिवस काम भरलं की माणूस कायम होण्याचा दावा करू शकतो. म्हणून ठेक्याच्या माणसांना सात महिने झाले की ब्रेक द्यायचा, महिना-दोन महिने घरी बसवायचं, मग पुन्हा नव्याने घ्यायचं. सगळ्या धाटावात हीच रीत. बाळारामलाही असा पहिला ब्रेक मिळाला आणि त्या दोन महिन्यांत ड्रायरवरच्या तीन बॅचा करपल्या. मॅनेजर टाइम ऑफिसात येऊन माझ्यासमोर ठेकेदाराला बोलत होता. माणूस बाहेर ठेवला तर माल जातो, आत ठेवला तर दिवस भरतात, मी करू काय?

मला कुणी विचारलं नव्हतं. मी प्रोबेशनवर होतो, मला बोलायची घाई होती. मी म्हणालो, "सर, ब्रेक नावाला द्यायचा. माणसाला नाही."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे समजावून सांगितलं. सात महिने बाळाराम. मग मस्टरवर बाळाराम संपला, दुसऱ्या दिवसापासून त्याचा भाऊ. भावाचे सात महिने झाले की दुसरा भाऊ. माणूस तोच, ड्रायर तोच. तेव्हा अंगठ्याचं यंत्र नव्हतं, आधार नव्हतं. कागद म्हणजे मी लिहीन ते.

मॅनेजरने माझ्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

नावं मीच बाळारामकडून घेतली. खिडकीशी उभं करून विचारलं, घरात पुरुषमाणसं कोण कोण? त्याने सांगितलं, थोरला काशिनाथ, धाकटा नामदेव, चुलतभाऊ सीताराम. मी लिहून घेतलं. ठेकेदाराने सांगितलंय, एवढंच बोललो. बाळारामला वाटलं, ब्रेक टळला, म्हणजे दोन महिने उपास टळला. तो खरंच आनंदला होता. आठवड्याने माझ्यासाठी पिशवीभर कडवे वाल घेऊन आला, घरच्या खाचरातले. आईने त्यांचं बिरडं केलं. सगळ्यांनी वाखाणलं.

मग ते रोजचंच झालं. सकाळी खिडकीत टॉवेल दिसायचा. "साहेब, आज मी कोन हाय?" मी मस्टर बघून सांगायचो, नामदेव. तो आत वळून ओरडायचा, "म्हात्रेशेठ, नामदेव आला रं." सगळी शिफ्ट हसायची. एकदा लेबर इन्स्पेक्टर अचानक आले आणि त्यांनी हजेरी पुकारली. सीताराम अशी हाक आली तेव्हा बाळाराम ट्रे पुसत होता, वळलाच नाही. म्हात्रेने कोपर मारलं तेव्हा हात वर केला. इन्स्पेक्टरने विचारलं, ऐकू येत नाही का? बाळाराम म्हणाला, "डायरच्या आवाजानं कमी येतं, साहेब." इन्स्पेक्टरने तेच लिहून घेतलं, की आवाजाचा त्रास आहे, कापूस द्यावा. दुसऱ्या दिवसापासून खाकींना कानात घालायला कापूस मिळू लागला. बाळारामच्या नावावर जमा करावी अशी ती एकच सुधारणा, आणि तीही सीतारामच्या नावावर लागली.

सुरक्षा सप्ताहात उत्कृष्ट कामगाराचं बक्षीस ड्रायरला मिळालं. म्हणजे म्हात्रेला. भिंतीवरचं घड्याळ, त्याखाली पितळी पट्टीवर त्याचं नाव. कार्यक्रम संपल्यावर म्हात्रे घड्याळ घेऊन सरळ ड्रायरपाशी आला आणि बाळारामपुढे धरलं. "घे. तुझं आहे."

"नको रं."

"घे म्हणतो ना."

"म्हात्रेशेठ, घरात लावलं आन् कुनी इचारलं कुनाचं, तर काय सांगू? पट्टीवर तू, मस्टरवर सीताराम. मी घड्याळात कुठं बसू?"

म्हात्रे घड्याळ घेऊन गेला. त्यानंतर तो बरेच दिवस बाळारामशी कमी बोलायचा. मला ते तेव्हा विचित्र वाटलं होतं.

इथवर लिहिलेलं सगळं मी सांगू शकलो असतो. कंपन्यांमध्ये असं चालतं, मी काय एकटा, असं म्हणून. पुढचं सांगता आलं नसतं.

भातकापणीचे दिवस होते. सकाळी खिडकीत बाळाराम आला, पण त्या दिवशी त्याने रोजचं विचारलं नाही. डोळे लाल. म्हणाला, "साहेब, काशिनाथ गेला. राती काविळीनं. त्याला पोरीच. अग्नी मीच दिला. दहा दिवस येत नाय."

त्या आठवड्यात परदेशी जायचा माल ड्रायरवर होता. मॅनेजरचा सकाळपासून तिसरा फोन येऊन गेला होता. मी मस्टर उघडलं. त्या सात महिन्यांच्या फेरीत बाळारामच्या जागी काशिनाथ होता.

मी म्हणालो, "आत्ता मस्टरवर कोण आहेस तू?"

"काशिनाथ."

"मग काशिनाथला काशिनाथचं सुतक कसं लागेल?"

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडून गेलं. शेजारच्या टेबलावरचे दोघे कारकून हसले. बाळारामही हसला, साहेबलोक हसतात तेव्हा माणूस हसतो तसा, आणि मग हसायचा थांबला. खिडकीच्या कडेला त्याने दोन बोटं टेकवली. मला वाटलं आता शिवी देईल. बरं झालं असतं. तो म्हणाला, "व्हय. ते पन हाय." आणि आत कामावर गेला.

दहाव्या दिवशी पहाटे नदीवर विधी करून, डोकं भादरून, आठच्या शिफ्टला हजर. त्या दिवशी मूठ आवळून त्याने किती चहा सांगितले ते मला माहीत नाही. मी ड्रायरकडे गेलो नाही.

महिना संपताना मला भीती वाटायला लागली. काशिनाथच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत झालेली, आणि माझ्या मस्टरात काशिनाथ मेल्यानंतर सव्वीस दिवस हजर. कुणी दोन कागद शेजारी ठेवले असते तर सगळं उघडं पडलं असतं. मी ते पान काढलं आणि नवं लिहिलं. काशिनाथने आदल्या दिवशी काम सोडलं, असं दाखवलं. नवं नाव मधूनच घालणं दिसलं असतं, म्हणून त्या सव्वीस दिवसांत बाळाराम कुणीच नव्हता. त्या दिवसांचा पगार व्हाउचरवर निघाला, किरकोळ साफसफाई म्हणून. जुनं पान मी घरी आणलं आणि बंबात घातलं. आई म्हणाली, कसले कागद? मी म्हणालो, रद्दी.

पुढे अंगठ्याचं यंत्र आलं. यंत्राला फसवता येईना म्हणून मग नावांऐवजी ठेकेदार बदलू लागले, म्हणजे दिवस पुन्हा एकपासून. पहिल्या दिवशी बाळारामने यंत्रावर अंगठा ठेवला, पडद्यावर त्याचं स्वतःचं नाव उमटलं, तरी तो अंगठा ठेवूनच उभा राहिला. मागची रांग ओरडली. तो म्हणाला, "थांबा की. किती दिवसांनी भेटतोय." नंतरची पाच वर्षं तो फक्त बाळाराम होता. मग नवा बंद ड्रायर आला, त्यात मूठ घालायची सोयच नव्हती. आठवड्याच्या आत ठेकेदाराने त्याला गेटवरून परत पाठवलं. एकूण अठरा वर्षं. त्या दिवशी मी खिडकी सोडून आतल्या खोलीत जाऊन बसलो. खिडकीत दुसरा कारकून होता. तो म्हणतो, बाळारामने माझी चौकशी केली, साहेब बरे आहेत ना म्हणून.

त्याची सासुरवाड पेणजवळच्या जोह्याची. तिथे तो गणपतीच्या कारखान्यात लागला, मूर्ती घासायच्या कामाला.

दोन महिन्यांपूर्वी एका रविवारी तो माझ्या पेणच्या घरी आला. बरोबर मुलगी, संगीता. पेणमध्ये एका वकिलाकडे टायपिंग करते. मी आता कंपनीत पर्सोनेल ऑफिसर आहे. फंडाच्या कागदांवर कंपनीतर्फे सही माझीच चालते.

"साहेब, ही आमची संगीता. हिला समदं कळतं."

संगीताने फाइल उघडली. "सर, बाबांना अठ्ठावन्न पूर्ण झाली. फंडाची पेन्शन लागायला दहा वर्षं नोकरी लागते. यांच्या नावावर सगळं मिळून आठ वर्षं आणि काही महिने भरतात. उरलेली जवळजवळ दहा वर्षं तीन काकांच्या नावावर आहेत. नामदेवकाका आणि सीतारामकाका लिहून देतात की आम्ही त्या कंपनीचं गेटसुद्धा पाहिलेलं नाही. आता कंपनीचं पत्र पाहिजे, की ती माणसं म्हणजे बाबाच. सही तुमची चालते. मी विचारून आलेय."

मी म्हणालो, "जुनं रेकॉर्ड बघावं लागेल."

"रेकॉर्ड कुणी लिहिलंय, सर?"

"गप ऱ्हा गो," बाळाराम म्हणाला. "साहेबांना असं बोलायचं नाय. वरून आलं ते त्यांनी लिवलं. नावाची भानगड ठेकेदाराची."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी व्हतो तिथं. सगळ्यांना बिरेक, मला पयल्या बिरेकानंतर येक दिवस नाय. साहेबांनी सांभाळून घेतलं म्हनून. तू तवा जेवत व्हतीस ती भाकरी कुठून येत व्हती?"

बायको चहा घेऊन आली होती. तीही ऐकत होती. माझ्यासाठी इतकी सोपी वेळ पुन्हा येणार नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, साखर पुरे का?

संगीताने आणखी एक कागद पुढे सरकवला. काशिनाथच्या मृत्यूचा दाखला. "सर, हे बघा. बाबा म्हणतात, काका गेल्यावरही महिनाभर ते काकांच्याच नावावर कामाला होते. तुमच्या मस्टरमध्ये त्या महिन्याचं पान असेल. मेलेला माणूस तर कामावर आला नसेल ना? तेवढं एक पान मिळालं तरी आमचं सगळं सिद्ध होतं."

मी दाखला हातात घेतला, परत ठेवला. म्हणालो, "बघतो."

"घाई नाय, साहेब," बाळाराम म्हणाला. "तुमच्या सवडीनं."

त्यानंतर माझ्या पायाला चैन नाही. कंपनीत फाइल काढतो, ठेवतो. पत्राचा मसुदा दोनदा लिहिला. खरं लिहिलं तर मस्टर खोटं होतं हे माझ्याच सहीने सिद्ध होतं, आणि निवृत्तीला पाच वर्षं आहेत. खोटं लिहिलं तर नवं काही करावं लागत नाही, जुनं तसंच चालू राहतं. संगीताचा दोनदा फोन आला. तिसऱ्यांदा मी उचलला नाही.

गेल्या आठवड्यात सुट्टी टाकली आणि स्कूटर काढून जोह्याला गेलो. ठरवून गेलो होतो. रस्त्यात वाक्य पाठ करत होतो.

पत्र्याच्या लांब शेडमध्ये न रंगवलेल्या मूर्ती रांगेने उभ्या होत्या. बाळाराम त्यांच्यामध्ये उकिडवा, तोंडाला फडकं, एका मोठ्या मूर्तीचा गुडघा पॉलिश कागदाने घासत होता. कारखानदार विशीतला मुलगा, खुर्चीत. तो म्हणाला, "काका, पाहुणे आलेत वाटतं. पण त्या पाचच्या पाच आज व्हायच्या."

मला पाहून बाळाराम लगबगीने बाहेर आला. फडकं खाली ओढलं. "साहेब, तुम्ही आलात? पत्राचं झालं काय?"

त्याने ते इतक्या सहज विचारलं की मी पाठ केलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "अरे नाही, यंदाचा गणपती बघायला आलो होतो."

"मग असं सांगा की." त्याने मला सगळी शेड फिरवली. ही बैठी घेऊ नका, हिचा हात नाजूक हाय. ती घ्या, तिचं अंग मी सोता घासलंय. पोराला सांगून त्याने किंमत कमी करायला लावली. मी मूर्ती ठरवून टाकली, नाव लिहून दिलं. निघालो तर रस्त्यापर्यंत सोडायला आला. पेणची एसटी वळणावर धूळ उडवत आली तेव्हा माझ्या स्कूटरपुढे हात आडवा धरून त्याने मला थांबवलं, गाडी जाऊ दिली, मग हात बाजूला घेतला. "आता जा, साहेब." आरशात पाहिलं, तर तो धावत शेडकडे परत चालला होता. पाच मूर्ती व्हायच्या होत्या.

बाळारामला मी एक पत्र देणं लागतो. काशिनाथ, नामदेव आणि सीताराम या नावांनी आमच्या कंपनीत काम केलेला माणूस बाळारामच आहे, ती नावं मी सुचवली आणि मी लिहिली, आणि काशिनाथच्या महिन्याचं पान मी जाळलं, एवढं त्यात असायला हवं. ते पत्र मी अजून दिलेलं नाही.